गिऱ्हाईकाचा विषाणू

३ फेब्रुवारी

चिमणे,

तू बरी असशील असं धरून चालतो. नसतीस तर ते माझ्याआधी तुझ्या वहिनीला कळलं असतं.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर मी एखादा मुद्दा मांडायला लागलो की तू मध्येच हसतेस. कागदावर तुला वाक्य पूर्ण वाचावं लागतं.

काम असं आहे. माझं एक गिऱ्हाईक आहे. भंगाराचा मोठा व्यापार, अख्खा ट्रक तोलायचा काटा आहे त्याच्याकडे. दर सहा महिन्यांनी मी तो जुळवून देतो. वय सत्तावन्न, वाचन दांडगं, बुद्धी तल्लख, स्वभाव जरा कडक पण न्यायी. तर या माणसाच्या रक्तातलं पीएसए मर्यादेच्या जरा वर आलंय. पीएसए म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात झिरपणारं एक प्रथिन, हे तुला सांगायला नको, पण मला माहीत आहे हे तुला माहीत असावं. डॉक्टर एवढ्यावरच म्हणाले, सुई घालून तुकडे काढू, कर्करोग आहे का बघू. म्हणजे काटा हलला रे हलला की माल खराब!

आमच्या धंद्यात आकडा जास्त आला की आधी काटा तपासतात, मग इतर कारणं बघतात आणि मालाला दोष देतात तो सगळ्यात शेवटी. गिऱ्हाईकाला हे पटलं. त्याने स्वतः अभ्यास केला, थोडी मदत मी केली. त्यातून असं दिसतं की काही विषाणू प्रोस्टेटमध्ये जाऊन बसतात. ग्रंथी सुजते, आणि सुजली की पीएसए वाढतं. शिवाय हेच विषाणू वर्षानुवर्षं तिथे राहिले तर पुढे कर्करोगाला हातभार लावत असावेत, असंही काही शास्त्रज्ञ म्हणतात. म्हणजे विषाणू आत्ताच पकडून मारला तर आजची सूज आणि उद्याचा कर्करोग दोन्ही मिटले. सुईची गरजच काय?

तेव्हा मला, म्हणजे त्याला, एवढंच कळव: विषाणू कुठला, तो कुठल्या तपासणीत दिसतो, आणि त्यावर गोळी कुठली.

तू सव्वीस वर्षं पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये माणसांचे तुकडे कापतेस. माझी शाळा नववीत सुटली. तरी माझ्या मांडणीत चूक सापडली तर दाखव.

दादा


१२ फेब्रुवारी

दादा,

सगळी वाक्यं पूर्ण वाचली. हसले, पण शेवटी.

तुझ्या गिऱ्हाईकाची ओळख वाचून बरं वाटलं. इतका तल्लख आणि न्यायी माणूस तुझ्या माहितीत असताना इतकी वर्षं तू त्याचा विषयही काढला नाहीस! तो चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधतो का रे? राहू दे, उत्तर नको देऊस.

त्याची मांडणी अर्धी बरोबर आहे. जंतुसंसर्ग झाला, सूज आली, पीएसए वाढलं, हे होतं. ते डॉक्टरलाही माहीत असतं आणि तपासून वगळता येतं. पुढचं मात्र तितकं सरळ नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात तो गुन्हेगार ठरलेला आहे, त्यात आता वाद नाही. पेशीला 'आता पुरे, वाढू नकोस' असं दटावणारे दोन पहारेकरी असतात. हा दोघांनाही गप्प करतो. प्रोस्टेटच्या गाठींतही काहींना तो सापडलाय, आणखी दोन-तीन विषाणू सापडलेत. पण ते निरोगी ग्रंथींतही सापडलेत, आणि काहींना शोधून शोधून काहीच सापडलेलं नाही. जागेवर असणं वेगळं आणि गुन्हा करणं वेगळं. हातभार लावत असेलही. आज छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. आणि त्यावर गोळी नाही.

एक गोष्ट सांगते. वीसेक वर्षांपूर्वी प्रोस्टेटच्या कर्करोगात एक नवाकोरा विषाणू सापडला म्हणून मोठा गाजावाजा झाला होता. उंदरांच्या विषाणूंचा भाऊबंद. काही वर्षं सगळे त्याच्या मागे. शेवटी कळलं, तो रोग्यांच्या अंगात नव्हताच. प्रयोगासाठी माणसाच्या गाठीचा तुकडा उंदरांत वाढवला होता, तिथे तो जन्मला आणि एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये फिरत राहिला. मोठमोठी माणसं आपल्याच हाताला लागलेला डाग रोग्यात बघत होती.

म्हणून गिऱ्हाईकाला सांग, विषाणूच्या मागे पळू नको. एमआरआय कर आणि बायोप्सी कर. कर्करोग असला तर तो ग्रंथीच्या आत आहे तोवर काढून टाकता येतो. एकदा बाहेर पडून हाडात शिरला की बरं करता येत नाही, फक्त लांबवता येतं. त्याच्या हातात तेवढाच वेळ आहे, आणि तो किती आहे हे कुणालाच ठाऊक नाही.

आणि एक. सोनाराच्या काट्यात केसाएवढा फरक निघाला तर तू चार पानं लिहितोस. इथे 'मर्यादेच्या जरा वर' एवढ्यावर भागवलंस? आकडा किती?

चिमणी


२५ फेब्रुवारी

चिमणे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. उंदराच्या विषाणूची गोष्ट फार मोलाची आहे. तिच्यातून तुला काय सांगायचं होतं ते मला कळलं, पण तिच्यातून जे निघतं ते तुला कळलेलं दिसत नाही. लॅबवर विश्वास ठेवता येत नाही, हे तू स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंयस!

तेव्हा आम्ही आता लॅबच तपासायला घेतल्या आहेत. गिऱ्हाईकाने एकाच दिवशी, एकाच दंडातून, तीन लॅबमध्ये तीन वेगळ्या नावांनी रक्त दिलं. तिन्ही आकडे शेकडा दोनच्या आत जुळले. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, झालं, तीन साक्षीदार मिळाले. मी मात्र तिन्ही ठिकाणी यंत्रावरची पाटी वाचून आलो. तिन्हीकडे एकाच कंपनीचं यंत्र! एका खोट्या प्रमाणवजनाने शंभर काटे जुळवलेत तर ते शंभर काटे एकमेकांशी तंतोतंत जुळतील, आणि शंभरच्या शंभर खोटं बोलतील. तिसऱ्या ठिकाणी मी विचारलं, "यंत्र शेवटचं कधी जुळवलं होतं?" ती मुलगी म्हणाली, "काका, मूठ आवळा." ही त्यांची शास्त्रीय वृत्ती.

आकडा गोपनीय आहे. गिऱ्हाईकाची माहिती मी बाहेर देत नाही.

विषाणूचा मुद्दा मी सोडलेला नाही. तूच लिहिलंस की एचपीव्ही सापडतो, आणि तो सिद्ध गुन्हेगार आहे. एका ठिकाणी खून केलेला माणूस दुसऱ्या ठिकाणी नुसता फिरायला आला असेल, असं मानणारा मी नाही. गिऱ्हाईकाला तरुणपणी बोटांवर चामखीळ होती. चामखीळही एचपीव्हीच करतो, हे मी वाचलंय. तिथूनच तो आत उतरला असणार.

हे सगळं त्याने काल बायकोला नीट समजावून सांगितलं. ती सारखी 'डॉक्टरकडे चला' म्हणून मागे लागली होती. कागदावर आकृती काढली, बाण दाखवले, विषाणू कुठून कुठे जातो ते लिहिलं. तेव्हापासून ती एकदम शांत आहे. समजावून सांगितलं की माणसं समजतात.

दादा


२ मार्च

वन्सं,

मी पत्र लिहितेय म्हणजे काहीतरी बिघडलंय हे तुम्ही ओळखलं असेलच.

तुमच्या दादांनी तुम्हाला कुठल्या तरी गिऱ्हाईकाचं लिहिलं आहे म्हणे. पाकिटावर पत्ता मीच घातला होता. गिऱ्हाईक वगैरे कुणी नाही. हेच ते. भंगाराच्या व्यापाऱ्याची तब्येत ठणठणीत आहे, परवाच दुकानात येऊन मोठमोठ्याने बोलून गेला.

रिपोर्ट यांनी लपवले होते. कपाटात नाही, गादीखाली नाही. प्रमाणवजनांच्या मखमली पेटीत, वजनांच्या खाली घडी करून. त्या पेटीला घरात कुणी हात लावत नाही, ही यांची खात्री. मी लावला. आठ महिन्यांपूर्वी ११.६. आता १९.४. मर्यादा चार. मी शाळेत गणित शिकवते वन्सं, दोन बिंदूंतून रेषा काढता येते मला. ती कुठे निघालीय ते कळतं.

आता दुसरं. हे म्हणतात विषाणू आहे. मागच्या आठवड्यात मला समोर बसवून आकृती काढून दाखवली. आकृती चांगली होती, पट्टी लावून काढली होती. एचपीव्ही म्हणे. शरीरसंबंधातून येतो, असं यांनी स्वतःच एका बाणावर सुवाच्य अक्षरात लिहिलं. मी त्या बाणावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा बाण कुठून निघतो?" हे म्हणाले, "बाहेरून." मी म्हटलं, "बाहेर म्हणजे?" तेव्हा यांना कळलं की आपण काय काढून बसलोय. मग चामखिळीचं काहीतरी सांगायला लागले.

लग्नाला एकतीस वर्षं झाली. माझ्याकडून तर तो आलेला नाही. खरं सांगते, दोन रात्री नीट झोप लागली नाही. तुम्ही याच कामात आहात. हा विषाणू असला तर माणसाने बाहेर काही केलं, असंच ठरतं का? मला सरळ उत्तर हवं आहे, आकृती नको.

तुमची वहिनी


६ मार्च

वहिनी,

सरळ उत्तर: नाही.

एचपीव्ही इतका सर्रास आढळतो की बहुतेक माणसांना आयुष्यात तो कधी ना कधी भेटतोच. भेटला तरी काही जाणवत नाही, आणि बहुतेकांचा आपोआप जातो. कुणाकडून आला, कधी आला, हे मागाहून कुणीही सांगू शकत नाही. तो कुणाच्या चारित्र्याचा दाखला देत नाही. आणि मुळात दादाकडे तो आहे, हे कुठे सिद्ध झालंय? त्याच्या आकृतीत आहे, एवढंच. चामखिळीचा एचपीव्ही वेगळा. त्याचा इथे संबंध नाही. तेव्हा शांत झोपा.

१९.४ वाचून मी मात्र झोपलेले नाही. गिऱ्हाईक कोण आहे ते पहिल्या पत्रातच कळलं होतं. 'कडक पण न्यायी' असं दादा जगात एकाच माणसाला म्हणतो. वाटलं, गिऱ्हाईकाच्या आडून बोलले तर निदान ऐकून घेईल. माझंच चुकलं. उंदराची गोष्ट सांगायला नको होती, त्याला पळायला वाट मिळाली.

आता एक मागणं आहे. वर लिहिलं ते तुमच्यासाठी. दादाला इतक्यात सांगू नका. कर्करोगाला तो घाबरत नाही असं दाखवतो. तुम्हाला किती घाबरतो ते दाखवायला त्याला जमत नाही. तुम्ही काही करू नका, फक्त गप्प राहा. तो मला पत्र लिहील. मी त्याला खोटं एक अक्षर लिहिणार नाही. न विचारलेलं मात्र सांगणार नाही.

चिमणी


११ मार्च

चिमणे,

तातडीने लिहितोय. गिऱ्हाईकाच्या घरी भलताच गैरसमज झाला आहे.

शास्त्रीय माहिती सरळ मनाने दिली, तर बायकोने तिचा अर्थ लावला तो भलताच. तोंडाने काही बोलत नाही. चहा वेळेवर मिळतो, पण कप टेबलावर ठेवताना आवाज होतो. एकतीस वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. काल तिने माझी आकृती शाळेच्या पिशवीत घातलेली मी पाहिली. ती मुलांना दाखवणार आहे का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

(मला म्हणजे त्याला. दुसरा कागद घ्यायला वेळ नाही. तुला कळलंच असणार, तेव्हा जाऊ दे.)

चिमणे, मी आयुष्यात कधी वाकडं पाऊल टाकलेलं नाही. तेवढा वेळच नव्हता. बाजारात चार माणसं माझ्या शब्दावर माल तोलतात. आणि माझ्याच घरात, माझ्याच हाताने काढलेल्या बाणामुळे, मी संशयित? कर्करोगाने मेलो तर मेलो, पण हा डाग घेऊन मरणार नाही.

आता एकच सांग. विषाणू माझ्यात नाही, हे सिद्ध करणारी तपासणी आहे का? रक्ताची, लघवीची, कुठलीही. कितीही लांब जावं लागलं तरी जाईन.

दादा


१५ मार्च

दादा,

गिऱ्हाईक बरं झालेलं दिसतंय. तू कसा आहेस?

प्रोस्टेटमध्ये विषाणू आहे की नाही हे रक्तात किंवा लघवीत नीट कळत नाही. बघायचं तर ग्रंथीच्या तुकड्यातच बघावं लागतं. तुकडा हातात नसेल तर जगातली कुठलीही लॅब तुला काही सांगू शकणार नाही. तुकडा काढायच्या तपासणीला बायोप्सी म्हणतात. आधी एमआरआय करून घे, म्हणजे सुई नेमकी कुठे घालायची ते डॉक्टरला कळेल. तुला नेमकेपणा आवडतो.

तुकडा आधी नेहमीच्या तपासणीला जातो. ती झाल्यावर पुढचं बोलू.

लवकर जा. घरातल्या कपांची संख्या मर्यादित असते.

चिमणी


२ एप्रिल

चिमणे,

बायोप्सी झाली. तुला तपशील हवा असेल, नसला तरी देतो.

सुई बाहेरून सव्वा मिलिमीटर जाडीची. मी विचारून घेतलं. तिला आतून स्प्रिंग असते, खटका दाबला की टक् असा आवाज होतो, आणि दीड सेंटिमीटर लांबीचा शेवयीएवढा तुकडा निघतो. असे बारा. मी आवाज मोजत होतो. अकरा झाल्यावर डॉक्टर थांबले तेव्हा मीच सांगितलं, "एक राहिला." ते म्हणाले, "माहीत आहे, तुम्ही श्वास सोडा."

बारावा झाल्यावर मी म्हटलं, "आता एक तेरावा काढा, एचपीव्हीसाठी." डॉक्टर म्हणाले, "इथे विषाणू बघत नाहीत. कर्करोग बघतात." मी म्हटलं, "माझ्या बहिणीने लिहिलंय." ते म्हणाले, "बहिणीने बायोप्सी करा असं लिहिलंय ना? मग बहीण शहाणी आहे."

बसमध्ये बसल्यावर तुझं पत्र खिशातून काढून पुन्हा वाचलं. त्यात एकही वाक्य खोटं नाही. विषाणूची तपासणी होईल असंही त्यात कुठे लिहिलेलं नाही. मी लोकांच्या पावत्या वाचून त्यांच्या लबाड्या पकडतो, आणि बहिणीचं पत्र वाचता आलं नाही. मी रागावलो आहे. किती ते नंतर लिहीन.

पण निकाल एका काट्यावर मी मानणार नाही. इथल्या लॅबचा रिपोर्ट यायचा तेव्हा येवो. मी लेखी अर्ज देऊन तुकड्यांचे मेणात बसवलेले ठोकळे तुझ्या लॅबला पाठवायला लावलेत. तू स्वतः काप. ज्याचं शून्य तपासायची गरज मला कधी वाटली नाही, असा एकच काटा मला माहीत आहे.

दादा


१४ एप्रिल

दादा,

ठोकळे सोमवारी आले. मी कापले.

तुला पद्धत हवी असेल. मेणाच्या ठोकळ्यातून चार मायक्रॉनची कापटी निघते, म्हणजे केसाच्या जाडीत पंधरा-वीस बसतील. ती कोमट पाण्यावर तरंगत सोडायची आणि काचपट्टीवर अलगद उचलायची. आधीच्या रोग्याचा कण पाण्यात राहून दुसऱ्याच्या काचेवर चढू शकतो, म्हणून दरवेळी पाण्यावरून कागद फिरवतात. मी तुझ्यासाठी कागद फिरवला नाही. पाणीच बदललं, बारा वेळा. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "बाई, आज काय सोनं कापताय का?"

मी वाचत नाही, वाचतात आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई. त्यांना नाव सांगितलं नव्हतं. माझ्याकडे बघून त्यांनीच विचारलं, "घरातलं कुणी?"

कर्करोग आहे, दादा. बारापैकी पाच तुकड्यांत. त्याची जात किती दांडगी हे सहा ते दहा अशा मोजपट्टीवर सांगतात. तुझा सात, पण सातातला वरच्या अंगाचा. तुझ्या तिथल्या लॅबचा रिपोर्टही काल वहिनींनी फोनवर वाचून दाखवला. अक्षरशः तोच. या वेळी यंत्रांची पाटी वाचायला जाऊ नकोस. दोन्हीकडे माणसांचे डोळे होते. एमआरआयमध्ये तो अजून ग्रंथीच्या आत दिसतोय आणि हाडांचा स्कॅन स्वच्छ आहे. म्हणजे काढता येईल. आज येईल. दिवाणखान्यात बसून आणखी आठ महिने अभ्यास केलास तर कदाचित येणार नाही.

हो, मी तुला तेवढंच लिहिलं जेवढ्याने तू जाशील. रागाव. जिवंत राहून रागाव.

डॉक्टरीणबाईंनी एक विचारलं, ते तुलाच विचारते. घराण्यात कुणाला होता का? काका, म्हणजे तुझे बाबा, गेले तेव्हा मी शाळेत होते. माझी आई आणि मावशी, म्हणजे तुझी आई, दोघी सांगायच्या, पाठीचं दुखणं होतं. पाठीच्या दुखण्याने माणूस आठ महिन्यांत जातो का रे? ते काय होतं?

चिमणी


२१ एप्रिल

चिमणे,

तारीख ठरली. सहा मे. ग्रंथी पूर्ण काढणार आहेत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तेहतीस वर्षांत कुणाला दिलं नाही. तुला देतो.

बाबांना दवाखान्यात मीच न्यायचो. मी चोवीस वर्षांचा होतो. कागदावर काय लिहिलंय ते त्यांना समजत नव्हतं, मलाही नाही. म्हणून मी शब्दकोश विकत आणला आणि एकेक शब्द लावत बसलो. शिकायला मी सुरुवात केली ती काट्यांपासून केली असं लोकांना सांगतो. ते खरं नाही. त्या कागदापासून केली. प्रोस्टेट, आणि तिथून कण्यात. बाबा म्हणाले, "कुणी विचारलं तर पाठ म्हण." मी पाठ म्हटलं. आईलाही.

तेव्हा ११.६ आला त्या दिवशीच मला कळलं होतं. मग तू विचारशील, विषाणू कशाला? विषाणू बाहेरून येतो, चिमणे. त्याला पकडता येतं, शिव्या देता येतात, आणि तो माझ्याबरोबर संपतो. बापाकडून आलेलं कुणाला परत करणार? आणि पोराकडे गेलं असेल तर ते मागून कसं घेणार? म्हणून मी तुझ्या उंदराला, चामखिळीला, तीन लॅबना, सगळ्यांना कामाला लावलं. विषाणूचा हातभार असेल-नसेल, ते शास्त्रज्ञ बघतील. मला तो हवा होता.

तुझ्या वहिनीला काल हे सगळं सांगितलं. विषाणूची तपासणी कधी झालीच नाही, हेही. माझ्यावर संशय ठेवायचा असेल तर ठेव म्हटलं. ती म्हणाली, "तो वन्संच्या सहा मार्चच्या पत्राने संपला." वर म्हणते, "कप मात्र खरोखर रागाने ठेवत होते. आठ महिने लपवलंत म्हणून."

बाजारात काट्याला बोट लावणारे मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पकडतो. इथे दोन बायकांनी दोन बाजूंनी बोट लावलं आणि मला वाटत राहिलं, वजन माझंच आहे.

दादा


३ जून

वन्सं,

हे घरी आहेत आणि बरे आहेत. लघवीची नळी काढली. किती वाजता काढली ते यांनी वहीत लिहून ठेवलंय. काढलेल्या ग्रंथीच्या कडा स्वच्छ आल्या, बाहेर काही गेलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, अजून वर्षभर थांबला असतात तर मी हे वाक्य बोललो नसतो. हे म्हणाले, "वर्षभर हे अंदाजाने म्हणताय की मोजून?" म्हणजे बरे आहेत.

पण एक राहिलंय. आपल्या पोराला यांनी फोनवर हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं. तो तिकडे परगावी, येतो म्हणत होता, तर "हर्नियाला कशाला येतोस" म्हणून थांबवला. माझ्याकडूनही शपथ घेतली. सासऱ्यांनी पाठ सांगितली, हे हर्निया सांगतात. या घराण्यात कर्करोग कुणालाच होत नाही बघा, सगळ्यांना भलतंच काहीतरी होतं.

मी नुसता चहा दिला. काल दुपारपासून हे कागद घेऊन बसलेत. पाच फाडले. सहावा चालू आहे.

तुमची वहिनी


४ जून

बाळा,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. बस.

मला हर्निया झालेला नव्हता. प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता. ग्रंथी काढली, कडा स्वच्छ आहेत, आणि सहा आठवड्यांनी रक्त तपासतील तेव्हा तो आकडा तुला त्याच दिवशी कळवीन. काहीही आला तरी.

तुझ्या आजोबांना पाठीचं दुखणं नव्हतं. त्यांनाही हेच होतं, आणि त्यांचं फार उशिरा कळलं. घरात फक्त मला हे माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. बापाला असला की मुलाला व्हायची शक्यता साधारण दुप्पट होते. दुप्पट म्हणजे नक्की नव्हे, हे नीट समजून घे. तू माझ्यासारखा आकड्याला घाबरून पुस्तकं आणत बसू नकोस. तू आता अठ्ठावीसचा. चाळीस पूर्ण झाले की डॉक्टरकडे जा, घराण्यात दोघांना होता हे पहिल्या वाक्यात सांग आणि रक्त तपासून घे. आकडा जास्त आला तर लॅब बदलू नकोस, पुढची तपासणी कर. तुला मुलगा झाला तर त्याला हे पत्र दे.

हे कशामुळे होतं, असं तू विचारशील. वय, बापजाद्यांकडून आलेलं, आणि काय काय. काही विषाणूही असावेत असं म्हणतात, अजून ठरलेलं नाही. त्या विषयात मला बरंच कळतं. विचारू नकोस, मी सांगत बसेन.

आईला फोन केलास तर ती म्हणेल, तुझे बाबा फार घाबरले होते. तिचं मोजमाप बरोबर आहे.

बाबा